रामकुंडावरचा शनिवार

नाशिक म्हटलं की आपल्याला काय आठवतं? वीकेंड, वायनरी आणि झणझणीत मिसळ! माझंही तसंच होतं. पण त्या शनिवारी पंचवटीत पोहोचलो तो आजीच्या अस्थींचा कलश मांडीवर घेऊन.

गोदावरीच्या पात्रातलं रामकुंड चित्रराव खटारकरांनी १६९६ मध्ये बांधलं. वनवासात रामाने दशरथाचं श्राद्ध इथेच केलं, अशी श्रद्धा. इथल्या अस्थिविलय तीर्थात अस्थी विरघळून जातात असं मानतात, म्हणून लांबलांबून लोक येतात. एका पायरीवर कुणी मुंडण करतंय, शेजारी कुणी फोटो काढतंय. कुणाला कशाचं काही वाटत नाही.

आमचा दहावा दिवस. अस्थी सोडल्या, पिंड मांडले, आता काकस्पर्श. म्हणजे कावळ्याने पिंडाला चोच लावायची. नाही शिवला, तर गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिलीय असं समजायचं. कावळे होते, पण जवळ येईनात. अर्धा तास गेला. काका म्हणाले, "आई, सगळं नीट करू." कावळे ढिम्म!

आजीचं सगळं आत्याने केलं. लग्नही केलं नाही. आणि गिरगावातली खोली विकायची बोलणी घरात आधीच सुरू झाली होती. ती मागे उभी होती, गप्प. बाबांनी एकदा तिच्याकडे बघितलं, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "आई, खोली विकणार नाही. ताई तिथेच राहील."

कावळा तरीही नाहीच आला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. तशी सोय आहे. पण शब्द तर देऊन झाला होता, तोही चारचौघांत!

मग गुरुजींच्या घरी गेलो. आडनाव आणि मूळ गाव सांगितल्यावर त्यांनी जुनी वही काढली. त्यात चक्क पणजोबांची मोडी सही! खाली आजोबांची. बाबांनी आजीची नोंद करून सही केली आणि पेन आत्याच्या हातात दिलं.

"मी कशाला रे?" म्हणाली. पण केली सही.

पुढच्या नाशिक ट्रिपला मिसळीनंतर तासभर काढा. फक्त घरून मूळ गावाचं नाव विचारून निघा. कदाचित तुमचीही वही तिथे असेल.