उसवायची सोय

आई फोनवर हमखास विचारते, ‘तू लॅबमध्ये नक्की करतेस काय?’ मी म्हणते, जाळी विणते. कागदावर एका अणूच्या जाडीची. नळीतून मात्र निघते काळी पूड!

वीज वाहणारं प्लॅस्टिक 1977 चं, त्याचं नोबेल 2000 चं. पण त्या साखळ्या. आम्हाला हवी चादर, ग्राफीनसारखी. फक्त बॅण्ड गॅप असलेली, म्हणजे ट्रान्झिस्टर नीट बंदही होईल.

गोची इथेच आहे. इमाइनचा बंध तुटतो, पुन्हा जुळतो. टाका चुकला तर आपोआप उसवतो. जाळी सुबक होते, पण इलेक्ट्रॉन अडखळतात. कार्बन-कार्बन दुहेरी बंध म्हणजे त्यांचा एक्स्प्रेस-वे. पण एकदा जुळला की सहसा सुटत नाही. चूक कायमची. तरी 2017 मध्ये अशी स्फटिकी जाळी ‘सायन्स’मध्ये झळकली. म्हणजे जमतं!

मला जमेना. परवा एक्स-रेच्या आलेखात पुन्हा नुसतं टेकाड, शिखर एकही नाही. सॉलिड रडले. आई म्हणाली, ‘सोडून दे, अजून सोय आहे.’

पीएचडीच्या चौथ्या वर्षी? माझा बंध कुठला, इमाइनचा की कार्बनचा? माहीत नाही. नवी नळी सील करून ओव्हनमध्ये ठेवलीय. तीन दिवसांनी कळेल.