गढूळ पाण्याचे ऋण

आषाढातील कोकणचा समुद्र तुम्ही पाहिला आहे काय? गढूळ आणि खवळलेला. बालपणी मला तो वैरी वाटे. त्या दिवसांत वडिलांची होडी झावळ्यांनी शाकारलेली असे आणि घरी उधारीचे तांदूळ येत.

पुढे वनस्पतीप्लवकांविषयी वाचले आणि तो राग ओसरला. डोळ्यांना न दिसणारे हे तरंगते जीव सूर्यप्रकाशावर अन्न निर्माण करतात; तारली, बांगडा अखेर त्यांच्यावरच पोसतात. पावसाळ्यात नद्या नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट समुद्रात आणतात. दक्षिणेकडे खोलवरचे थंड, पोषक पाणीही वर येते. मात्र खाडीच्या मुखाशी गाळ प्रकाश अडवतो, गोड्या पाण्याने क्षारता घटते. पावसाने उघडीप दिली, गाळ बसला, ऊन पाण्यात उतरले, की प्लवक बहरतात.

एका वर्षी कर्जापायी वडिलांनी नारळी पौर्णिमेआधीच जाळे टाकले. हाती आली बोटभर पिल्ले. आजीने ती विकू दिली नाहीत. बोलली मात्र काहीच नाही.

थांबावे, एवढे तिला ठाऊक होते. का थांबावे, हे मला पुस्तकाने सांगितले. तुमच्या घरी असे काही आहे काय, याचा वाचताना अवश्य विचार करा.