टाळीआधीची जागा

कविता संपलेली असते आणि टाळी अजून पडलेली नसते. मध्ये जेमतेम दोन श्वासांची जागा. कवीनं कागदावरची नजर नुकती वर उचललेली, माईकची बारीकशी खरखर, डोक्यावर पानांची सळसळ, भिंतीपलीकडे बेस्टच्या बसनं दाबलेला ब्रेक. आणि इतक्या माणसांत पहिल्यांदा हलायची कुणाचीच तयारी नाही. मुंबईत काळा घोड्याला डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या मागे जी बाग आहे, तिथे फेब्रुवारीतल्या संध्याकाळी मी ही जागा ऐकत आले आहे. कवितेइतकीच. कधी कधी तर कवितेहून जास्त मन लावून.

ती ऐकू येण्यात त्या वास्तूचाही वाटा असावा. मालाडच्या पिवळसर दगडाची, टोकदार कमानींची ही इमारत 1870 मध्ये उभी राहिली. आत शिरलं की संगमरवरातले डेव्हिड ससून समोर येतात. बगदादहून मुंबईला आलेला हा यहुदी व्यापारी आता येणाऱ्याजाणाऱ्यांकडे शांतपणे बघत असतो. वरच्या व्हरांड्यात लांब हातांच्या आरामखुर्च्या आहेत. दुपारी तिथे एखादे आजोबा वर्तमानपत्र छातीवर पसरून डुलक्या घेत असतात, आणि त्यांना उठवावं असं कुणाला वाटत नाही. आतल्या टेबलांवर परीक्षेची तयारी करणारी पोरं वह्यांवर वाकलेली. वाचनाची ती शांतता ज्याची त्याची असते. प्रत्येकानं आपापल्या पुस्तकात दार लावून घेतलेलं. शेजारी बसलेला माणूस या क्षणी कोणत्या गावात आहे, कोणत्या शतकात आहे, याचा पत्ता लागत नाही.

बागेतली शांतता मात्र सगळ्यांची मिळून होते.

काळा घोडा कला महोत्सव 1999 पासून भरतो, आणि वर्षानुवर्षं त्यातल्या साहित्याच्या बैठका या बागेत होत आल्या आहेत. बाहेर रस्ताभर जत्रा. मांडलेली शिल्पं, त्यांच्यासमोर फोटोसाठी लागलेल्या रांगा, ढोल, कुल्फी, लहान मुलांची रडारड. त्या गर्दीतून अंग चोरत, ग्रंथालय ओलांडून मागे यावं, तर झाडांखाली खुर्च्या मांडलेल्या आणि कुणीतरी अगदी साध्या आवाजात वाचत असतं. ऊन कलता कलता दगडावर जरा रेंगाळतं, मग निघून जातं. कावळ्यांची घरी परतायची वेळ नेमकी हीच. सर्वांत हळव्या ओळीवर कावकाव होते, कवी थांबतो, हसतो, ओळ पुन्हा घेतो. आणि दुसऱ्या खेपेला ती ओळ आणखी आत जाते, हेही मी अनुभवलंय.

ग्रंथालयात कसले कार्यक्रम करता, असं कुणी कुरकुरलं की मला या घराचं मूळ आठवतं. 1847 मध्ये टांकसाळीत आणि सरकारी गोदीत काम करणाऱ्या यंत्रकारागिरांनी स्वतःसाठी एक संस्था काढली. यंत्रांचे नमुने असावेत, इमारतींचे आराखडे असावेत, पुस्तकं असावीत, एवढी त्यांची इच्छा. पुढे ससून घराण्याचं दान लाभलं, ही देखणी इमारत आली, नावही त्या घराण्याचं झालं. पण मला ते पहिले लोक दिसत राहतात. दिवसभर घणांचा नि भट्ट्यांचा आवाज सोसलेले कान घेऊन, संध्याकाळी हात धुऊन, कुणी काही समजावून सांगत असेल तर ते ऐकायला बसलेले. आवाजात राबणाऱ्या माणसांना ऐकण्याची किती भूक असेल! बागेतल्या खुर्चीवर टेकताना वाटतं, आपण त्यांच्याच पंगतीला बसलो आहोत.

आणि मग, का कोण जाणे, गिरगावातली आमची चाळ आठवते. श्रावणात चाळीत पोथी लागायची. श्रीधरस्वामींचा 'हरिविजय'. तळमजल्यावरच्या काकू वाचायच्या आणि भोवती बाकीच्या बायका कापूस घेऊन वाती वळत बसायच्या. माझी आजी त्यांच्यात. तिला अक्षरओळख नव्हती, आणि पोथी तिच्याइतकी कुणाला येत नव्हती. मी तिच्या मांडीला टेकून ऐकत असे, खरं तर तिच्या बोटांकडे बघत असे. ओव्या चालल्या की बोटं चालायची, ओवीच्या लयीत. अध्यायाची शेवटची ओवी आली की सगळ्या बायकांचे हात एकदम थांबायचे. नमस्कारासाठी अजून कुणी हात जोडलेले नसायचे. कापूस बोटांत तसाच. गॅलरीतल्या पागोळ्यांचा आवाज तेवढा. मग कुणीतरी सुस्कारा सोडायचं आणि चाळ पुन्हा चाळ व्हायची.

आजी कधी कुठल्या ग्रंथालयाची पायरी चढली नाही. चढली असती तर आत काय करावं हे तिला कळलं नसतं, कारण पुस्तकाशी तिची गाठ पडायची ती चार जणींच्या सोबतीनं, दुसरीच्या गळ्यातून. पण या बागेत ती बसली असती. निर्धास्त बसली असती. कवितेची भाषा कळो न कळो, कुठे थांबायचं हे तिला सांगावं लागलं नसतं.

हल्ली दाद द्यायची आपल्याला घाई असते. ओळ संपायच्या आत वाहवा, कडवं संपायच्या आत फोन वर. मीही त्याच घाईतली. तरीही एखाद्या संध्याकाळी सगळ्यांचीच घाई अचानक सुटते. काय होतं तेव्हा? बहुधा एवढंच, की ती ओळ कवीकडून सुटलेली असते आणि अजून कुणा एकाच्या मालकीची झालेली नसते. टाळी पडली की प्रत्येक जण आपापला तुकडा घेऊन घरी जातो. त्याआधी ती सगळ्यांची असते.

एकदा तिथे अरुण कोलटकरांविषयी कुणी बोलत होतं. याच चौकात, आता नसलेल्या वेसाइड इनमध्ये, ते दर गुरुवारी दुपारी बसायचे. खिडकीतून दिसणारी कुत्री, झाडूवाल्या बायका, रस्त्यावरच्यांची न्याहारी हे सगळं त्यांच्या 2004 मध्ये आलेल्या 'काळा घोडा पोएम्स'मध्ये उतरलं. माझ्या शेजारी एक मुलगा येऊन टेकला होता. बाहेर फिरून पाय दुखले म्हणून आत आला, असं त्यानंच सांगितलं. थोडा वेळ ऐकून तो माझ्या कानाशी लागला, "काकू, हे मराठीतही लिहायचे का हो?"

मग मला कुठं राहवतंय! 'भिजकी वही', 'चिरीमिरी', 'द्रोण', सांगत सुटले. तो मोबाइलवर नावं टिपून घेत होता, एकेक मोठ्यानं म्हणून खात्री करत होता. पुढच्या रांगेतून एक बाई वळल्या, ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, "शू!"

आम्ही दोघंही लगेच गप्प झालो. मुलानं फोन खिशात टाकला आणि खुर्ची जरा पुढे ओढून घेतली.