जथ्याने पारशिवनीला

नागपूरहून पारशिवनी सुमारे ४० किलोमीटर. कामठी, कन्हान, पुढे आमडी फाटा आणि तेथून डावीकडे. मोटारीतल्या माणसाची एवढ्यात एक डुलकी होते. सायकलवरच्या पाचसहा जणांच्या जथ्याला मात्र हा अर्ध्या दिवसाचा संसार असतो, आणि संसार म्हटला की रीतभात आली!

फाट्यापर्यंतचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्र. ४४. कन्हानच्या आसपास कोळशाच्या खाणी, म्हणून ट्रकांची वर्दळ मोठी. येथे गप्पा बंद. जोडीने सायकल हाकण्याची हौस घराजवळच्या मैदानावर भागवून घ्यावी. येथे एकामागे एक, डावीकडून. पण डांबराच्या कडेला अगदी चिकटून नव्हे. डांबर आणि मुरूम यांत बऱ्याच ठिकाणी वीतभर पायरी असते. चाक तिच्याखाली उतरले आणि घाईने वर घेऊ गेले, की स्वार नेमका रस्त्याच्या बाजूला आडवा होतो, आणि मागून ट्रक येत असतो.

पुढे कोणी असावे? जथ्यातला गडी पुढे धावतो आणि घरातला बारा वर्षांचा चिरंजीव अर्धा मैल मागे एकटा रडकुंडीला येतो, हे दृश्य आपल्याकडे नेहमीचे. माझ्या मते गड्याने पंप आणि पंक्चरचे सामान घेऊन सर्वांत मागे राहावे. पुढे रस्ता ठाऊक असलेला, शांत माणूस. त्याच्या पाठीशी चिरंजीव. चाल चिरंजीवाची. तो नाराज होईल, होऊ द्यावे.

दोन सायकलींत निदान एका सायकलीची जागा मोकळी हवी. मागच्याचे पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला घासले, तर पुढच्याला धक्काही कळत नाही. पडतो तो मागचा. म्हणून थांबण्यापूर्वी ओरडून सांगावे, खड्डा दिसला तर "खड्डा!" म्हणावे, आणि ती हाक शेवटच्यापर्यंत पोचवावी. डावीकडे वळताना डावा हात काढला, की बहुतेक सायकलींवर हाताशी उरतो तो पुढचा ब्रेक, तोही उतावीळ. तेव्हा वेग आधीच कमी केलेला बरा.

फाटा वळला की वर्दळ ओसरते. दिवाळीच्या सुमारास धान कापणीला आलेले असते. कोठे रस्त्याच्या कडेलाच शेतमाल वाळत घातलेला. त्यावरून चाक नेऊ नये. ते कोणाचे तरी वर्षाचे अन्न आहे. समोरून बैलबंडी आली तर घंटी बडवू नये, बैल बिचकतात.

पारशिवनीला चहा घ्यावा, पण सायकली डांबरापासून दूर लावून. पाय शाबूत असतील त्यांनी पेंच नदीकाठचा घोगरा महादेव पाहावा, किंवा नवेगाव खैरीचे धरण. नागपूरच्या नळाला येणारे बरेचसे पाणी तेथलेच. मात्र तीनच्या आत परत फिरावे. या दिवसांत सहाच्या आधीच सूर्य मावळतो आणि महामार्गावरचे ट्रक काही कमी होत नाहीत. तरीही उशीर झालाच, तर मागचा लाल दिवा शेवटच्या सायकलीला आहे ना, एवढे फाट्यावरच बघून घ्यावे.