जेरीची आई कुठे आहे?

'इन द नेम ऑफ द फादर' मी पहिल्यांदा पाहिला तो होस्टेलवर, एका मित्राच्या कॉम्प्युटरवर. आम्ही पाच-सहा जण होतो आणि प्रत्येकाने मनातल्या मनात जेरी कॉनलनची जागा घेतली होती. विशीतला, टवाळ, कामधंदा नसलेला, बापाचं न ऐकणारा पोरगा. आम्ही तसेच होतो. डॅनियल डे-लुईस शेवटी कोर्टाच्या पुढच्या दाराने बाहेर पडतो तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

गेल्या महिन्यात तो पुन्हा पाहिला, या वेळी घरी, अब्बांसोबत. मी मध्येमध्ये थांबवून गोष्ट सांगत होतो. अर्ध्याहून जास्त झाल्यावर अब्बांनी एकच प्रश्न विचारला, "इसकी माँ किधर है?"

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 5 ऑक्टोबर 1974 ला लंडनजवळच्या गिल्डफर्ड गावात दोन पबमध्ये बॉम्ब फुटले. पाच माणसं मेली, त्यांत चार सैनिक होते. बॉम्ब आयआरएने, म्हणजे उत्तर आयर्लंडमधून ब्रिटिशांना हुसकावू पाहणाऱ्या सशस्त्र संघटनेने ठेवले होते. पुढच्याच महिन्यात बर्मिंगहॅममध्ये असेच स्फोट झाले आणि 21 जण गेले. लोक चिडलेले होते, पोलिसांवर दबाव होता. पार्लमेंटने काही दिवसांत दहशतवादविरोधी कायदा केला, त्यात आरोप न ठेवता सात दिवस ताब्यात ठेवण्याची सोय होती. कायद्याच्या नावातच 'तात्पुरत्या तरतुदी' असे शब्द होते. तो या ना त्या रूपात पंचवीस वर्षं टिकला. टाडा आणि पोटा ज्यांना आठवतात, त्यांना या तात्पुरतेपणाचं फारसं नवल वाटणार नाही.

बेलफास्टचा जेरी आणि त्याच्यासोबत आणखी तिघे पकडले गेले. त्यातली एक मुलगी 17 वर्षांची. कोठडीत चौघांकडून कबुलीजबाब घेतले गेले आणि 1975 मध्ये त्यांना जन्मठेप झाली. न्यायाधीशांनी तर यांच्यावर राजद्रोहाचा आरोप का ठेवला नाही याची खंत बोलून दाखवली, कारण त्या गुन्ह्याला तेव्हाही फाशी होती. पोराला वकील मिळवून द्यावा म्हणून जेरीचे वडील, जुझेप्पे, समुद्र ओलांडून लंडनला आले. फुप्फुसांच्या आजाराने खंगलेला माणूस. मेहुण्याच्या घरी उतरले आणि तिथेच पकडले गेले. त्या घरातल्यांच्या हातांवर आणि हातमोज्यांवर नायट्रोग्लिसरीन सापडल्याचं सांगून सात जणांना शिक्षा झाली. सर्वांत लहान मुलगा शिक्षेच्या वेळी 14 वर्षांचा होता. जुझेप्पे 1980 मध्ये कैदी म्हणूनच वारले. जेरी 1989 मध्ये सुटला. ज्या साक्षीदारामुळे तो निर्दोष ठरू शकला असता, त्याचा जबाब पोलिसांकडे पहिल्यापासून होता. बचाव पक्षाला दाखवू नये, असा शेरा त्यावर मारलेला होता.

आणखी एक गोष्ट चीड आणणारी आहे. आयआरएच्या दुसऱ्या एका टोळीने 1977 मध्ये स्वतःच्या खटल्यात भर कोर्टात सांगितलं होतं की ज्यांना तुम्ही आत टाकलंय ते निर्दोष आहेत. त्यानंतरही बारा वर्षं गेली. गिल्डफर्डच्या स्फोटासाठी खऱ्या गुन्हेगारांपैकी कुणालाही शिक्षा झाली नाही, म्हणजे मेलेल्या पाच जणांच्या घरच्यांनाही न्याय मिळाला नाही. चित्रपट त्या घरांकडे फारसा वळत नाही. ही त्याची उणीवच म्हणायची.

दिग्दर्शक जिम शेरिडनने सत्यात बरीच ढवळाढवळ केली आहे. दोन वेगळे खटले एकत्र केले. एमा थॉम्पसनने रंगवलेल्या वकीलबाई कोर्टात उभं राहून युक्तिवाद करतात, प्रत्यक्षात त्या सॉलिसिटर होत्या आणि ते काम त्यांचं नव्हतं. पण सर्वांत मोठा बदल म्हणजे बाप-लेकाची कोठडी. पडद्यावर दोघं एकाच कोठडीत वर्षानुवर्षं राहतात. बाप जपमाळ ओढतो, पोरगा चिडतो, हळूहळू दोघं एकमेकांना ओळखायला लागतात. प्रत्यक्षात ते असे एका कोठडीत राहिलेच नाहीत, बहुतेक काळ तर तुरुंगही वेगवेगळे होते.

हे कळल्यावर मला आधी फसवल्यासारखं वाटलं. मग वाटलं, कॉलेजात आम्हाला रडू आलं होतं ते याच खोट्या कोठडीमुळे. तिच्याशिवाय बाप-लेकाची गोष्ट सांगताच आली नसती. जे घडलं ते इतकं तुटक आणि कोरडं होतं की पडद्यावर दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतं. आजारी बाप एका तुरुंगात आणि पोरगा दुसऱ्या.

आणि या दोन तुरुंगांमध्ये ये-जा करणारी एक बाई होती. अब्बांनी विचारली तीच, सारा कॉनलन. बेलफास्टमध्ये रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काम करायची. सुट्टी मिळाली की ती सुट्टी नवऱ्याला आणि मुलाला भेटण्यात जायची. तीही जपमाळ ओढणारी, चर्चला जाणारी बाई. कामावरून आल्यावर पत्रं लिहायची. पाद्र्यांना, खासदारांना, ज्याला लिहिता येईल त्याला. 2005 मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी या कुटुंबांची जाहीर माफी मागितली, त्यामागे तिचा रेटा होता. 2008 मध्ये ती गेली. चित्रपटात ती अगदी थोडा वेळ दिसते. शीर्षकच बापाच्या नावाचं, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

अब्बांना मी हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चाची भी ऐसाच करती थी."

मी बारावीत असताना आमच्या गल्लीतल्या एका चाचींचा मुलगा पोलिसांनी उचलला. चाचींना मराठी लिहिता येत नव्हतं. माझं अक्षर बरं म्हणून त्या मगरिबनंतर आमच्याकडे यायच्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद असायचे, कोर्टाच्या तारखा, मुलाकातीच्या चिठ्ठ्या, वकिलाच्या पावत्या. मी अर्ज लिहून द्यायचो. 'मा. अधीक्षक साहेब' अशी सुरुवात आणि शेवटी 'आपली विश्वासू'. त्याच्या खाली त्या उर्दूत सही करायच्या. असे सात-आठ अर्ज मी लिहिले असतील.

एके दिवशी अब्बांनी मला आत बोलावून सांगितलं की आता पुरे. तुझं शिक्षण आहे, बहिणींची लग्नं व्हायची आहेत, घरावर नजर येईल. पुढच्या वेळी चाची आल्या तेव्हा अम्मीने त्यांना दारातच सांगितलं, "वो क्लासकू गया." मी आतल्या खोलीत होतो. आवाज न करता बसलो होतो. चाची पुन्हा आल्या नाहीत. बर्मिंगहॅमच्या स्फोटानंतर इंग्लंडमधले आयरिश लोक बसमध्ये तोंड उघडायला घाबरायचे, कारण बोललं की उच्चार कळायचा. हे वाचलं तेव्हा मला आमची ती आतली खोली आठवली. मात्र होस्टेलवर टाळ्या वाजवताना ती आठवली नव्हती, चाचीही आठवल्या नव्हत्या. मी जेरी होण्यात दंग होतो.

चाचींचा मुलगा सहा वर्षांनी बाइज्जत बरी झाला. नंतर ते घर विकून कुठेतरी गेले.

याच चित्रपटाचा सहलेखक टेरी जॉर्ज याने 1996 मध्ये 'सम मदर्स सन' काढला. आयांना जागा देणारा चित्रपट मला तिथे सापडला. 1981 चं मेझ तुरुंगातलं उपोषण हा विषय. आम्हाला साधे गुन्हेगार समजू नका, कैद्यांचे कपडे घालणार नाही, अशा मागण्यांसाठी आयआरए आणि आणखी एका संघटनेचे कैदी एकामागून एक उपोषणाला बसले. बॉबी सँड्स 66 व्या दिवशी मेला. त्याआधी तो उपोषण करतानाच खासदार म्हणून निवडून आला होता. एकूण दहा जण मेले. हे निर्दोष लोक नव्हते, बंदुका हाती घेतलेले होते. म्हणून हा चित्रपट जास्त अवघड आहे. हेलन मिरेनने रंगवलेली शिक्षिका आई हिंसेच्या विरोधात आहे, फिओनुला फ्लॅनगनची शेतकरी आई मुलाच्या बाजूने आहे. मुलगा बेशुद्ध पडला की त्याला सलाइन लावायची परवानगी देणं आईच्या हातात येतं. एक सही करते, एक करत नाही. मला वाटतं, ब्रिटिश अधिकारी यात फार सपाट रंगवलेत. पण त्या दोन बायका एका गाडीतून जातात-येतात, भांडतात, एकमेकींना धरून असतात, तेवढ्यासाठी तो पुन्हा पुन्हा पाहावा.

तो चित्रपट मी अब्बांना परवा दाखवला. सही करायचा प्रसंग आला तेव्हा ते उठून पाणी प्यायला गेले. परत आले तोवर पडद्यावर नावं सरकत होती.

"चाची के घर का नंबर है क्या तेरे पास?" त्यांनी विचारलं.

माझ्याकडे नव्हता. दुसऱ्या दिवशी जुम्मा होता. नमाजनंतर अब्बा मशिदीच्या दारात उशिरापर्यंत उभे होते, जुन्या लोकांना विचारत.