डेल्को

बॉनेट उघडलं की बॅटरी आणि कार्बोरेटर आधी नजरेत भरतात. हा मात्र इंजिनाच्या कुशीला, काळी टोपी घालून, डोक्यावर सात वायरींचा भारा घेऊन उभा. कागदावर डिस्ट्रिब्युटर, गॅरेजात डेल्को. घराणं जुनं : केटरिंग या अभियंत्याची ही बॅटरी-कॉइल-पॉइंटची मांडणी 1910 च्या कॅडिलॅकमध्ये आली. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये क्रायस्लरच्या परवान्यावर तयार झालेल्या डॉज-फार्गो ट्रकांतल्या जुन्या पेट्रोल गाड्याही याच्याच भरवशावर धावल्या.

सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेतं तेव्हा डेल्कोचा शाफ्ट 1500 घेतो आणि 9000 ठिणग्या वाटतो. क्रम 1-5-3-6-2-4. शेजारचं पान सोडून पलीकडे वाढणारा, तरी कुणाला उपाशी न ठेवणारा वाढपी!

म्हातारपणी तो एकदम बंद पडत नाही, हीच पंचाईत. गाडी सुरू होते, पण आयडलला थरथरते, चढावर मिसिंग मारते. आळ येतो कार्बोरेटरवर. जेट फुंकून होतात, प्लग बदलून होतात. मग कुणीतरी टोपी काढतो, पॉइंट घासतो, वीस थाऊचं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फिलर घालून गॅप बसवतो. चार दिवस गाडी गुणी; पुन्हा तेच.

कारण दुखणं पॉइंटच्या खाली आहे. शाफ्ट ज्या बुशात फिरतो तो झिजलाय. शाफ्ट डुलतो, त्याच्यासोबत सहा कोनांचा कॅमही. एका कोनावर गॅप वीस थाऊ, तर दुसऱ्यावर पंधरा. गॅप घटला की ठिणगी उशिरा, वाढला की लवकर. टायमिंग लाइट मारला तर पुलीवरची खूण जागेवर ठरत नाही.

त्याची नाडी हातानंच बघावी. रोटर काढून शाफ्ट आडवा हलवा : खटखट लागली तर बुश गेला. रोटर बसवून फिरायच्या दिशेला थोडा पिळून सोडा : स्प्रिंगनं मागे आला नाही, तर वेगाप्रमाणे ठिणगी लवकर आणणारी आतली वजनं गंजून अडकलीत. व्हॅक्यूमची नळी तोंडानं ओढून टोक जिभेनं दाबून धरा : सरकलेली पॉइंटची प्लेट लगेच परतली, तर डायफ्राम फाटलाय. टोपीला तडा असेल तर तो पावसाळ्यात रात्री स्वतःच कबूल करतो. बॉनेटखाली निळ्या ठिणग्या नाचतात.

बुश लेथवाल्याकडून करून घेता येतो. शाफ्टच झिजला असेल तर नुसत्या बुशानं भागत नाही. काम झाल्यावर गॅप आणि टायमिंग नव्यानं लावायचं, आणि डेल्कोच्या अंगाला बाहेरून असलेल्या छोट्या तेलाच्या वाटीत वेळोवेळी तेलाचे थेंब सोडायचे. बहुतेक डेल्को तिथेच मरतात : टोपी दहादा उघडली जाते, वाटी एकदाही नाही.