पाऊण मिलिमीटरची फट

माझ्या मामाच्या जीपला डिंभ्यात सगळे 'खोकली' म्हणायचे. सपाट रस्त्यावर ती बरी धावायची. पण मागे चार पोती जास्त पडली आणि चढ लागला, की तिला ठसका लागलाच म्हणून समजा. खाड्... खाड्... फुस्स! मग मामा खाली उतरायचा, चाकामागे दगड लावायचा आणि कपाळाचा घाम पुसत उभा राहायचा.

डिंभे हे पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातलं गाव. मंचर, घोडेगाव, डिंभे असा रस्ता पुढे डोंगर चढत भीमाशंकरला जातो. इथे घोड नदीवर धरण आहे. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचं नाव दिलंय. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्यांना मरण आलं. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं, ते जुनं गाव या धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याची कचेरी आहे घोडेगावला. नाव एकाचं आणि कारभार दुसरीकडे, अशी गंमत आहे सगळी!

तर ही गोष्ट १९९४ सालच्या उन्हाळ्याची. मी सहावीची परीक्षा देऊन सुटीला मामाकडे आले होते. डोंगरातल्या वाड्यांमधले आदिवासी लोक उन्हाळ्यात झाडांवरून बाळहिरडा उतरवतात, वाळवतात आणि विकतात. त्रिफळा चूर्णातला हिरडा तुम्हाला ठाऊक असेल, तोच हा. ही पोती खाली आणायचं काम मामाकडे होतं. त्यानं जुनी पेट्रोल जीप कर्ज काढून घेतली होती आणि मागची बाकं काढून तिचा पिकअप केला होता. पाऊस पडायच्या आत माल उतरला नाही तर हिरड्याला बुरशी धरते, आणि वाडीतल्या घरांचा पावसाळ्याचा खर्च तर त्याच पैशावर!

एका गॅरेजवाल्यानं खोकलीला तपासलं आणि सांगून टाकलं, "इंजिन उतरवावं लागेल. पिस्टन, रिंगा, सगळंच." त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मामा रात्री नीट जेवलाही नाही. मामी हळूच म्हणाली, "माझ्या पाटल्या आहेत की." मामा काहीच बोलला नाही.

शेजारी एक आजोबा राहायचे. एसटीच्या कारखान्यात मेकॅनिक होते, निवृत्त झालेले. त्यांना सगळे मिस्त्रीबाबा म्हणत. सकाळी ते आले. बॉनेट उघडायच्या आधी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ठसका कधी लागतो रे?"

"चढाला. सपाटीला नाही."

"मग इंजिनाला कशाला हात लावतोस? आधी प्लग काढ."

इंजिन थंड होतं. बाबांनी चारही वायरींना खडूनं एक, दोन, तीन, चार असे आकडे घातले, म्हणजे परत लावताना घोळ नको. मग प्लग बाहेर आले. बोटाएवढी वस्तू! मधे पांढरी चिनीमाती, तिच्यातून आलेला धातूचा दांडा, आणि त्याच्यावर आकड्यासारखा वाकलेला दुसरा दांडा. या दोघांच्या मधे बारीकशी फट. सगळा खेळ त्या फटीत.

घरातला गॅस पेटवायचा लायटर अंधारात टक्कन दाबून बघा. निळी ठिणगी उडते ना? अगदी तशीच ठिणगी या फटीत उडते आणि सिलेंडरमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटवते. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर एकेका प्लगमधे मिनिटाला १००० ठिणग्या! हवा एरवी विजेला वाट देत नाही. साध्या हवेत एक मिलिमीटर उडी मारायची तर साधारण ३००० व्होल्ट लागतात. जीपची बॅटरी असते १२ व्होल्टची. तिचे हजारो व्होल्ट करून द्यायचं काम इग्निशन कॉइल करते. म्हणून इंजिन चालू असताना प्लगच्या वायरीला हात लावायचा नाही. फार सणसणीत झटका बसतो.

बाबांनी खिशातून फीलर गेज काढलं. पंख्यासारखी उलगडणारी पोलादी पानं, प्रत्येकावर जाडीचा आकडा. "पोरी, तुझी नजर चांगली. तू माप," म्हणाले. मी एकेक पान फटीत घालून बघू लागले. पहिल्या प्लगमधे एक मिलिमीटरचं पान सैल गेलं. दुसऱ्यात ०.९. तिसऱ्यात दोन पानं एकत्र धरावी लागली. चौघांची चार तऱ्हा! या जीपच्या पुस्तकात आकडा होता इंचाचा तीस हजारांश, म्हणजे पाऊण मिलिमीटर.

"असं कसं झालं?" मी विचारलं.

"दर ठिणगीला कणभर धातू झिजतो. कणभर म्हणजे दिसणारही नाही. पण ठिणग्या किती, ते मोज!"

मामाला अजून पटत नव्हतं. "बाबा, मग सपाटीला कशी चालते?"

"सपाटीला तुझा पाय हलका असतो. सिलेंडरमधे माल कमी जातो, दाब कमी राहतो. चढाला तू पाय दाबतोस, माल भरभरून आत येतो आणि दाब वाढतो. दाबलेल्या हवेतून उडी मारायला ठिणगीला जास्त जोर लागतो. त्यात फट मोठी! कॉइल बिचारी किती जोर लावणार? ठिणगी पडतच नाही. तोच तुझा ठसका."

मला हे इतकं आवडलं, की पुढे विज्ञानाच्या तासाला विजेचा धडा आला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर खोकलीच होती.

बाबांनी ब्रशनं काजळी झटकली. मग वरचा वाकडा दांडा लाकडी फळीवर अलगद ठोकून फट कमी केली. मधल्या दांड्याला मात्र त्यांनी धक्काही लागू दिला नाही, कारण तिथे जोर दिला की चिनीमाती तडकते. पान फटीतून ओढताना किंचित अडलं पाहिजे, लोण्यातून सुरी ओढावी तसं. कितीतरी लोक लोखंड कापायच्या करवतीचं पातं घालून फट लावतात. ते पातं असतं साधारण ०.६ मिलिमीटरचं. काही स्कूटरना ते चालून जाईलही, पण जीपला ती फट कमीच. आणि फट फार लहान झाली तर ठिणगीही लहान, गाडी उभ्या उभ्या थरथरणार.

प्लग आधी हातानं फिरवत बसवले. एकदम पाना लावला आणि आटे वाकडे गेले, तर मग खरोखरच मोठा खर्च!

दुपारी जीप वाडीवर गेली. मीही पुढे बसले होते. परतताना मागे हिरड्याची पोती, त्यांवर दोघं जण. पहिला चढ आला. मामानं गिअर बदलला आणि पाय दाबला. कुणी बोलत नव्हतं. जीप गुरगुरत, एका सुरात वर गेली. माथ्यावर पोचल्यावर मामानं विनाकारण हॉर्न वाजवला.

"कडा गोल झाल्यात, हंगाम संपला की नवे प्लग घे," असं बाबांनी बजावलं होतं. त्याप्रमाणे मामानं ते घेतले. नवे आहेत म्हणून तसेच बसवले नाहीत, तेही मोजूनच बसवले. मामीच्या पाटल्या हातातच राहिल्या.

पुढे जीप विकली गेली. आता त्या रस्त्यानं टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगावच्या बाजाराला जाणारे बरेच पिकअप डिझेलवर चालतात आणि त्यांना स्पार्क प्लग नसतोच. सायकलच्या पंपानं भराभर हवा मारली की पंप तापतो ना? डिझेल इंजिनात हवा त्याहून कितीतरी जास्त दाबली जाते. ती इतकी तापते की आत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. ठिणगीची गरजच नाही.

पण मामाच्या मुलानं घेतलाय सीएनजीवरचा पिकअप, आणि त्यात प्लग आहेत. हा वायू पेटवायला ठिणगीला आणखी जोर लागतो, म्हणून अशा पुष्कळ इंजिनांत फट पेट्रोलपेक्षा कमी ठेवतात. त्यानं जीपचा आकडा याला लावला नाही. गाडीचं पुस्तक उघडलं, आकडा पाहिला आणि मिस्त्रीबाबांचं तेच जुनं गेज कापडातून बाहेर काढलं. त्यातली दोन पानं गंजलीत. लागतं ते पान मात्र अजून चकचकीत आहे.